डबऱ्यातलं गवत

१० जुलै २०२५, गुरुवार

आज सुट्टी. आमच्या कंपनीची सुट्टी गुरुवारची, त्यामुळे सगळं जग कामाला गेलेलं असतं आणि मी एकटा घरी. वही आणली ती भीमराज सरांच्या सांगण्यावरून. ते म्हणाले, "नमुने गोळा करणाऱ्यानं रोजचं लिहून ठेवावं. पुढं तेच उपयोगी पडतं."

सर कॉलेजात मला वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मी एमएस्सीचं पहिलं वर्ष केलं आणि लातूरहून नोकरीसाठी इकडे आलो तो कायमचाच. आता चाकणच्या एका कंपनीत पार्ट तपासतो. सर निवृत्त होऊन आता इकडेच राहतात, पण त्यांचा अभ्यास गट चालू आहे. चाकणच्या पुढं माझ्या सासरवाडीला लागून जो खडकाळ माळ आहे तो कारखान्यांच्या नव्या प्लॉटमध्ये गेलाय. ऑक्टोबरात जनसुनावणी आहे. त्याआधी माळावरच्या वाहिनीवंत वनस्पतींची यादी द्यायची आहे, आणि सरांनी ती जबाबदारी माझ्यावर टाकली. गटात बारा माणसं आहेत. टाकली माझ्यावर.

बायकोला, सुप्रियाला म्हटलं, वाहिनीवंत म्हणजे ज्यांच्या अंगात पाणी वर नेणाऱ्या नळ्या असतात त्या. शेवाळ त्यात येत नाही. नळ्या असल्या की मग बघायचं, बी आहे की बीजाणू. बी असेल तर फूल आहे का. असं एकेक करत झाडाचं घर, म्हणजे कूळ, सापडतं.

ती गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला हुक लावत होती. म्हणाली, "म्हणजे आधी बाही आहे का बघायचं, गळा मागनं."

हसलो. तिला समजलं नसणार, पण प्रयत्न चांगला.

१७ जुलै, गुरुवार

माळावर पहिली फेरी. सुप्रिया बरोबर आली, आईला भेटायचं म्हणून. सासूबाई, म्हणजे कुशाबाई, मागं मागं आल्याच. "जावईबापू, ह्या पावसात गवात बघाया कोन येतं?" असं म्हणून हसत होत्या. एकेचाळीस नावं लिहिली. त्यात तीन नेचे, ज्यांच्या पानांमागे बीजाणूंचे ठिपके असतात. सुप्रियाला ठिपके दाखवले. ती म्हणाली, "काय बारीक काम हाय!" माहेरच्या हद्दीत शिरली की तिचं 'आहे'चं 'हाय' होतं.

वाळवलेले नमुने जाड कागदावर, म्हणजे शीटवर, दोऱ्यानं टाचायचे असतात. मी दोन टाचले, कागद फाटला. ती म्हणाली द्या इकडं.

चांगलं आहे. माझा वेळ वाचेल.

२ ऑगस्ट, शनिवार

सरांचा फोन. शीट मिळाल्या म्हणाले, उत्तम आहेत. पुढं म्हणाले, "गणराज, तू केना म्हणून एकच नमुना लिहिलास. पण शीट दोन आल्यात आणि दुसरीवर पेन्सिलीनं लिहिलंय, हा वेगळा वाटतो. ते बरोबर आहे. दोन जाती आहेत. कुणी वेगळे केले?"

शिवणारीनं केले, म्हटलं.

घरी आल्यावर विचारलं. तिनं शांतपणे दाखवलं. एकाच्या पानाच्या बुडाशी, जिथं ते खोडाला मिठी मारतं तिथं, तांबूस केस आहेत. दुसऱ्याला नाहीत. "आई हाच भाजीला घेती. तो दुसरा नाही घेत. म्हणून बघितलं."

मग मला का नाही सांगितलंस?

"तुम्ही शिफ्टला गेला होतात."

मला काही वाटलं नाही. केस मीही बघितलेच असते, भिंग जवळ असतं तर. जेवताना सर काय म्हणाले ते तिनं तीन वेळा विचारलं. मी दोन वेळा सांगितलं.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज सर स्वतः माळावर आले. चार तास फिरलो. मी यादी हातात घेऊन नावं वाचत होतो आणि सर 'सुप्रियाताई, हे बघा', 'सुप्रियाताई, याची कड कशी वाटते?' असं चालवत होते. ती तरी कशी, पान उचलायची, उजेडात धरायची, शिंपी कापडाची उभी-आडवी वीण बघतो तशी. सर म्हणाले, "मी चाळीस वर्षं पोरं शिकवली. अशी नजर चार-पाच जणांचीच पाहिली."

त्या चार-पाचांत मी आहे का, असं विचारणार होतो. विचारलं नाही. ते बरं दिसलं नसतं.

परतताना बसमध्ये ती खिडकीपाशी बसून स्वतःशी हसत होती. लग्नाला नऊ वर्षं झाली. माझ्या कुठल्या गोष्टीला ती अशी हसलीय ते आठवायचा प्रयत्न केला.

सर अडुसष्ट वर्षांचे आहेत हे मला माहीत आहे. तसला काही विषय नाही. तसला असता तर निदान कुणाला सांगता तरी आलं असतं.

९ ऑगस्ट, शनिवार

तिच्या ब्लाउजच्या मापांच्या वहीत मागच्या पानांवर झाडांची चित्रं आहेत. हात बसलेला आहे. खाली तारखा, जागा. मी वही होती तशी ठेवली.

१४ ऑगस्ट, गुरुवार

एकटा गेलो. तिला म्हटलं तुझी सणाची शिलाई आहे, राहू दे. ती म्हणाली शिलाई झालीय. मी म्हटलं, तरी राहू दे.

आठ नवी नावं. त्यातली पाच घरी येऊन बघितली तर आधीच यादीत होती.

२१ ऑगस्ट, गुरुवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

आज सुट्टी असूनही जादा कामासाठी मला पहिल्या शिफ्टला जावं लागलं. साडेचारला घरी आलो तर सुप्रिया माहेराहून परतली होती. ओट्यावर स्टीलचा डबा. आत पाणी आणि एक जुडगा, वीतभर लांब हिरव्या पात्यांचा.

"हे काय आहे बघा ना. आई आणि मी गेलो होतो. म्हशी बसतात त्या डबऱ्यात होतं. आई म्हणती गवत, पण हे गवत नाही."

कशावरून?

"गवताला पेर असतं, याला नाही. लव्हाळ्याचं खोड तीन कोनांचं, बोटांत फिरवलं की कळतं. हे गोल फिरतं. आणि मी कात्रीनं कापून बघितलं. आत चार नळ्या आहेत आणि आडवे पडदे. आणि हे बुडाशी बघा." तिनं एक पातं बुडापासून सोलून नखावर धरलं. आतल्या बाजूला पातळ पदराखाली पांढरे कण. बारीक रव्यासारखे.

आयसोइटिस. एमएस्सीच्या पहिल्या वर्षी सरांनी फळ्यावर काढलेलं. दिसतं गवतासारखं, पण गवताशी नातं नाही. फूल नाही, बी नाही. नेच्यांपेक्षाही जुन्या घराण्यातलं, बीजाणूंवर वाढणारं. तो रवा म्हणजे बीजाणूच. आमच्या बॅचमधल्या कुणीही ते जिवंत पाहिलेलं नव्हतं. मीही नाही. माझ्या एकेचाळीस, ऐंशी, एकशे वीस नावांत याच्या तोडीचं एकही नव्हतं.

ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी म्हटलं, "किड्याची अंडी आहेत. लव्हाळ्याचाच प्रकार आहे, पाण्यातला. टाकून दे."

"अंडी?"

"हो. हात धू."

तिनं हात धुतले. डबा बाहेर नेऊन रिकामा केला. मी खिडकीतून बघत होतो.

हे मी का केलं? एक क्षण वाटलं होतं की सांगावं. मग डोळ्यांपुढं सर आले, 'सुप्रियाताई' म्हणताना. तो क्षण निघून गेला.

४ सप्टेंबर, गुरुवार

मागच्या गुरुवारी घरात गणपती होता, निघता आलं नाही. आज एकटा माळावर गेलो. डबकी बरीच, सात-आठ असतील. सासूबाईंना विचारावं तर सुप्रियाच्या कानावर जाईल. एका डबक्याच्या कडेला सापडलं. तीच उंची, तोच हिरवेपणा, बूड पांढरं आणि फुगीर. सहा रोपं घेतली. चिखल होता, पाऊस होता, जास्त तपासत बसलो नाही. फोटो काढून गटावर टाकला. 'आयसोइटिस. संग्राहक: गणराज.'

पाच मिनिटांत सरांचा फोन. "अरे, त्या माळावर! सुनावणीत याचं केवढं वजन पडेल! यादी बारा तारखेच्या आत द्यायचीय, माझ्या डोळ्यावर उपचार चालू आहेत, सूक्ष्मदर्शकात बघता येत नाही. पण तू दर्जा तपासणारा माणूस. तुझ्या शब्दावर लिहितो."

गटातल्या अकराच्या अकरा जणांनी अभिनंदन केलं. मी ते परतताना बसमध्ये पुन्हा पुन्हा वाचलं.

७ सप्टेंबर, रविवार

वाळलेला नमुना टाचायला सुप्रियाकडेच द्यावा लागला. दुसरं कोण टाचणार? दुसऱ्या शिफ्टला निघताना तिच्यापुढं ठेवला. लेबलवर माझं नाव होतं. ती बराच वेळ शीट घेऊन बसली. एकदा माझ्याकडं बघितलं.

"हे तुम्ही आणलंत?"

हो.

"हे सरांना पाठवायचं?"

हो. का?

"काही नाही."

सुंदर टाचलं. एकही टाका दिसत नाही. तिच्या काही लक्षात आलेलं दिसत नाही. डब्यातलं रोप तिनं पुरतं बघितलंच नसणार. सुटलो.

२० सप्टेंबर, शनिवार

सुटलो नाही.

सरांनी डोळा बरा झाल्यावर शीट काढली, बुडाचा छेद घेतला. सकाळी फोन केला. ओरडले असते तर बरं झालं असतं. "गणराज, हे गवत आहे. अगदी बुडाशी पेर आहे. आत काही नाही. तू कापून बघितलं नव्हतंस?"

कंपनीत मी दर लॉटमधले पाच पार्ट कापून बघतो. तेवढ्यासाठीच मला ठेवलंय.

सर म्हणाले, "यादी गेलीय. तिच्यात माझी सही आहे. समोरची माणसं हे एक नाव धरतील आणि एकशे त्रेसष्टच्या एकशे त्रेसष्ट नावांवर पाणी सोडतील. खरोखर कुठं पाहिलं होतंस का? की नुसताच भास?"

पाहिलं होतं, म्हटलं. ते तरी खरं होतं.

"मग ते आण. डबकी आटायच्या आत."

कुठल्या डबऱ्यात होतं ते फक्त तिला माहीत आहे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

काल जेवताना सुप्रियाला म्हटलं, ते पाण्यातलं रोप सरांना पुन्हा बघायचंय. मागं तू आणलेलं, ते कुठलं होतं?

"चला, दाखवते," एवढंच म्हणाली.

आज गेलो. माळाच्या पूर्वेच्या टोकाला, मी कधी गेलोच नव्हतो तिकडं, खडकात खोलगट भाग आहे. पाणी गेलेलं, नुसता ओला चिखल आणि म्हशींचे खूर. शंभर पावलांवर खडीचे ढीग पडलेत, रस्त्याची आखणी झालीय. मला काहीच दिसेना. ती गुडघ्यांवर बसली. सासूबाईही बसल्या. दोघींनी बोटांनी चिखल चाचपला, हरवलेलं कानातलं शोधावं तसा. अर्ध्या तासानं सुप्रिया म्हणाली, "हाय. हितं हाय." पिवळी पडलेली चार पाती, खाली लसणीएवढा गड्डा. तिनं पातं सोललं. पांढरा रवा.

"अंडी," ती म्हणाली आणि माझ्याकडं बघून थोडी हसली. मला ते हसणं कळलं नाही.

तीन रोपं घेतली, बाकीची राहू दिली. तिनंच ठरवलं.

परतताना धीर करून विचारलं, मागची शीट गवताची निघाली, तुला माहीत होतं?

"टाचतानाच बघितलं. पेर होतं."

मग बोलली का नाहीस?

ती बसच्या खिडकीची काच सरकवत होती. म्हणाली, "तुमचं नाव लिहून झालं होतं."

२८ सप्टेंबर, रविवार

सरांनी पक्कं केलं. आयसोइटिसच. जात कुठली ते बीजाणूंच्या नक्षीवरून ठरेल, त्याला महिने लागतील. लेबलवर तिचं नाव लागलं. सुनावणीत तिनंच बोलायचं असं सर म्हणाले.

तिनं दोन दिवसांपासून काहीच शिवलेलं नाही. आरशासमोर बोलण्याची तयारी करते. मी आत गेलो की थांबते.

६ ऑक्टोबर, सोमवार

रजा टाकून गेलो. पंचायतीच्या सभागृहात दीडशे माणसं. समोर अधिकारी बाई. प्रकल्पाच्या बाजूनं एक सल्लागार, शांत, हुशार माणूस. त्यानं सरळ मुद्द्यालाच हात घातला. "बारा सप्टेंबरच्या यादीत या वनस्पतीचं नाव आहे. तो नमुना गवताचा निघाला, हे त्यांच्याच सरांनी लेखी कळवलंय. आता दुसरा आणलाय. तो बाहेरून आणून लावला नाही कशावरून?"

सुप्रिया उभी राहिली. बाईंनी शिक्षण विचारलं.

"बारावी. शिवणकाम करते."

मागं कुणीतरी हसलं. ती थांबली नाही. एकवीस ऑगस्टला आईबरोबर कुठल्या डबऱ्यात मिळालं, ते सांगितलं. मापांची वही उघडून चित्र दाखवलं. चार नळ्या, आडवे पडदे, बुडाशी कण. खाली तारीख. सल्लागारानं टेबलावरच्या कुंडीतलं गवत उपटून विचारलं, मग हे काय? तिनं त्याच्याच हातात पेर दाखवलं. आता कुणी हसलं नाही. मला जे वाटलं त्याला अभिमान म्हणावा, तर तो तेवढाच नव्हता.

बाईंनी विचारलं, "एकवीस ऑगस्टला तुम्हाला मिळालं होतं, तर यादीत तुमच्या मिस्टरांचं नाव आणि गवताचा नमुना कसा?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "त्यांची नजरचूक झाली."

सल्लागार लगेच म्हणाला, "यादीतले बहुतेक नमुने याच गृहस्थांनी गोळा केलेत. ज्यांची अशी नजरचूक होते त्यांची यादी कशी धरायची?"

सर मान खाली घालून बसले होते. मला दिसलं की ती मला वाचवायला गेली आणि त्यात सगळं बुडालं.

उठलो. म्हटलं, "मॅडम, नजरचूक नाही. बाकीचे एकशे बासष्ट नमुने सरांनी स्वतः तपासलेत, त्यांचा माझ्या नजरेशी संबंध नाही. हे एकच माझ्या शब्दावर गेलं. माझ्या बायकोनं एकवीस ऑगस्टला खरं रोप घरी आणलं होतं. मी ते बघताक्षणी ओळखलं. तिला म्हटलं, किड्याची अंडी आहेत, टाकून दे. आणि पुढं जाऊन आपल्या नावानं दुसरं उपटून आणलं. घाईत चुकीचं उपटलं."

"का?" बाईंनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"तिला माझ्यापेक्षा जास्त दिसतं म्हणून."

सभागृहात सासरचं सगळं गाव होतं. कुशाबाई पुढच्याच रांगेत. सुप्रियाकडं बघायची हिंमत झाली नाही.

बाईंनी दोघांचंही लिहून घेतलं. उद्या जागेवर माणूस पाठवते म्हणाल्या.

८ ऑक्टोबर, बुधवार

काल पाहणी झाली. सरांच्या देखत त्या खोलगटात एकोणीस रोपं मोजली. पूर्वेचा कोपरा पुढच्या पावसाळ्यातल्या तपासणीपर्यंत सपाट करायचा नाही, असं पत्र निघतंय. यादीही ग्राह्य धरली. माळाचं बाकी काय होणार ते कुणीच सांगत नाही.

सुप्रिया दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. आज मी बूट काढत होतो तेव्हा समोर येऊन उभी राहिली.

"त्याच दिवशी तुम्हाला माहीत होतं?"

हो.

"डबा उघडला तेव्हाच?"

हो.

"मला वाटलं तुम्हाला ओळखता आलं नाही." तिचा आवाज अगदी साधा होता. "म्हणून मी गप्प बसले. शीट टाचताना पण. म्हटलं, इतकी वर्षं शिकल्याचं सांगतात, आणि नाही येत तर नाही येत. कशाला त्यांना खाली पाहायला लावायचं? मी आईला पण बोलू दिलं नाही."

मी हातातला बूट खाली ठेवला.

"नाही आलं असतं तर काही वाटलं नसतं मला," ती म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली. मशीन चालू केलं नाही.

मला इतके दिवस वाटत होतं की तिच्या लक्षात येत नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

कुशाबाईंचा फोन. मला वाटलं बोलणी बसणार. म्हणाल्या, "जावईबापू, चारचौघांत बोल्लात, ते बरं क्येलं. पर आमच्या पोरीला घरात आदी सांगायचं व्हतं. गावाला काय, त्ये इसरंल."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सरांच्या गटानं शेजारच्या तालुक्यातलं पठार घेतलंय. सुप्रिया सकाळी सहाला निघाली. मी येऊ का म्हणून विचारलं नाही. तीही चला म्हणाली नाही. डबा मात्र दोघांचा केला होता.

गॅसवाला येऊन गेला. मी कपडे वाळत घातले. तीन वाजता फोन वाजला, तिचा. मागं वारा आणि माणसांचे आवाज. सरांचा हसण्याचा आवाजही.

"अहो, एक नेचा आहे. पानामागं ठिपके नाहीत, नुसती कड आत दुमडलीय, नेफ्यासारखी, आणि त्या दुमडीत तपकिरी पूड. सर म्हणतात, गणराजला विचार, त्याला माहीत असेल. काय असंल?"

आठ-नऊ दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याशी एवढं बोलली. दोन नावं जिभेवर आली होती. त्यातलं एक ठोकून दिलं असतं तर कदाचित बरोबरही निघालं असतं.

"मला माहीत नाही," म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. "मग घेऊन येते. संध्याकाळी दोघं बसून बघू."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मघाशी सर हसत होते ते कशाला, हे विचारायचं राहिलं. अजून जळतोय मी. चार वाजलेत. ती सातला येईल. टेबल रिकामं करून ठेवलंय.